कौतुक पुरे, बैठकीत जागा द्या

आज २४ मे. जगाच्या बऱ्याच भागांत हा दिवस शांतता आणि निःशस्त्रीकरणासाठी झटणाऱ्या स्त्रियांचा दिवस म्हणून पाळला जातो. आठ मार्च आपल्या दिनदर्शिकेत केव्हाच रुळला. चोवीस मे अजून परका आहे. त्याची सुरुवात १९८०च्या दशकारंभी युरोपात झाली. अमेरिकेची नवी मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रे पश्चिम युरोपात आणून ठेवायची, असे ‘नाटो’ने डिसेंबर १९७९मध्ये ठरवले होते. पलीकडे सोव्हिएत संघाची एसएस-२० क्षेपणास्त्रे आधीच रोखलेली होती. या दोहोंच्या मध्ये ज्यांची घरे, शेते आणि शाळा होत्या त्यांना कुणी काही विचारले नव्हते. कुणी विचारण्याची वाट न पाहता ज्या बोलल्या, त्यांची आज आठवण काढायची. आणि त्यांनी जे मागितले ते त्यांच्या पदरात पडले का, हेही आजच विचारायचे.

इंग्लंडमधल्या न्यूबरी गावाजवळचे ग्रीनहॅम कॉमन हे मूळचे गायरान. दुसऱ्या महायुद्धात ते विमानतळासाठी घेतले गेले, पुढे अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेले, आणि १९८० साली ब्रिटिश सरकारने जाहीर केले की ९६ क्रूझ क्षेपणास्त्रे इथे येणार. २७ ऑगस्ट १९८१ रोजी वेल्समधल्या कार्डिफहून ३६ स्त्रिया चालत निघाल्या. सोबत काही मुले होती, मोजके पुरुष होते. ५ सप्टेंबरला त्या तळाच्या फाटकाशी पोहोचल्या. मागणी साधी होती: या क्षेपणास्त्रांबद्दल सरकारने आमच्याशी दूरचित्रवाणीवर जाहीर चर्चा करावी. चौघींनी स्वतःला कुंपणाला साखळीने बांधून घेतले. सरकारने चर्चा नाकारली. तेव्हा त्यांनी तिथेच मुक्काम ठोकला, आणि तो मुक्काम १९ वर्षे चालला.

मुक्काम म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. ओल्या फांद्या वाकवून जमिनीत खोचायच्या, त्यांवर प्लास्टिकचा कागद टाकायचा, आत सरपटत शिरून झोपायचे. पायाखाली चिखल, बाहेर विझू न द्यायची शेकोटी. नगरपालिकेची माणसे येऊन कागद फाडायची, अंथरुणे-पांघरुणे कचऱ्याच्या गाडीत घालून न्यायची. गाडी वळणाआड गेली की बायका पुन्हा फांद्या वाकवायच्या. तळाच्या फाटकांना त्यांनी इंद्रधनुष्यातल्या रंगांची नावे दिली होती, आणि प्रत्येक फाटकाशी वेगळ्या विचारांच्या बायकांचे बिऱ्हाड होते. त्यांच्यात मतभेद होते आणि ते चांगलेच कडाक्याचे होते. पुरुषांना छावणीत राहू द्यायचे की नाही, तारा कापणे अहिंसेत बसते की नाही, देणगीचे पैसे कुणी सांभाळायचे, या सगळ्यावरून वाद झाले. तरीही कुंपण राखायला रात्री कुणीतरी जागे असे.

१२ डिसेंबर १९८२ रोजी, नाटोच्या त्या निर्णयाला तीन वर्षे पुरी झाली तेव्हा, ३० हजार स्त्रिया ग्रीनहॅमला जमल्या. निमंत्रण गेले होते ते पत्रांच्या साखळीने, एकीने दुसरीला आणि दुसरीने तिसरीला धाडलेल्या. हातात हात गुंफून त्यांनी सुमारे साडेचौदा किलोमीटरच्या त्या कुंपणाला वेढा घातला. मग जिच्या तिच्या घरून आणलेल्या वस्तू तारांत अडकवल्या. झबली, टोपडी, लोकरीचे पायमोजे, मुलांचे फोटो. काटेरी तारेच्या आत जगाला जाळू शकणारी हत्यारे येणार होती, आणि बाहेर त्याच तारेवर तान्ह्या बाळांचे कपडे वाऱ्याने हलत होते. यावर आणखी भाष्य करायची गरज त्यांना वाटली नाही. पुढच्याच नववर्षाच्या पहाटे ४४ जणी शिड्या लावून आत उतरल्या आणि क्षेपणास्त्रांसाठी बांधत असलेल्या कोठारांच्या मातीच्या टेकाडांवर फेर धरून नाचल्या. त्याबद्दल त्यांना तुरुंग पाहावा लागला.

एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. संरक्षण खात्याने १९८५ साली उपविधी काढून त्या जागेत शिरणे गुन्हा ठरवले. त्याखाली पकडलेल्या दोन बायकांनी दंड भरून सुटका करून घेतली नाही. त्या न्यायालयात उभ्या राहिल्या. ही जमीन गायरान आहे, गावकऱ्यांचे चराईचे हक्क तिच्यावर आहेत, आणि असे हक्क डावलणारे उपविधी करण्याचा अधिकार १८९२च्या मूळ कायद्याने खात्याला दिलेलाच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. लढाई हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि १९९० साली त्या जिंकल्या. ते उपविधी अवैध ठरले. चिखलात राहणाऱ्या, वर्तमानपत्रांनी ज्यांना वेड्या ठरवले होते अशा बायकांनी सरकारला सरकारच्याच कायद्याचे पान उघडून दाखवले.

क्षेपणास्त्रे १९८३च्या नोव्हेंबरात आलीच. त्या वेळी पुष्कळांनी म्हटले असेल की झाले, संपले आंदोलन. डिसेंबर १९८७मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांचा करार केला आणि मार्च १९९१मध्ये शेवटचे क्षेपणास्त्र ग्रीनहॅमहून परत गेले. हे बायकांनी केले, असे म्हणणे खोटे ठरेल. त्यामागे दोन महासत्तांचे हिशेब होते. पण बायकांचा त्यात काही वाटा नाही, असे म्हणणे त्याहून खोटे. जी गोष्ट गुपचूप घडायची होती तिच्यावर त्यांनी वर्षानुवर्षे दिवा धरला. क्षेपणास्त्रांच्या गाड्या सरावासाठी रात्री तळाबाहेर पडल्या की त्यांचा माग काढून त्या साऱ्या देशाला कळवत. आज ते कुंपण नाही. तिथे पुन्हा गुरे चरतात. करार मात्र २०१९ साली मोडीत निघाला.

असल्या बायकांना एक वाक्य हमखास ऐकावे लागते: हा तुमचा विषय नव्हे. शस्त्रास्त्रे, सीमा, राष्ट्राची सुरक्षा ही तज्ज्ञांची कामे. तुम्ही घरचे बघा. त्याला अमेरिकेतल्या गृहिणींनी दिलेले उत्तर विसरण्यासारखे नाही. १९५०च्या दशकात खुल्या हवेत अण्वस्त्रचाचण्या होत होत्या. त्यातून उडालेले स्ट्रॉन्शियम-९० पावसाबरोबर गवतावर उतरते, गवतातून गाईच्या दुधात येते, आणि कॅल्शियमसारखेच वागत असल्याने वाढत्या मुलांच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसते. सेंट लुईस शहरात वैज्ञानिकांनी आणि स्थानिक महिलांनी मिळून एक मोहीम काढली. मुलांचे पडलेले दुधाचे दात आयांनी पाकिटात घालून पाठवायचे. असे सुमारे तीन लाख दात जमले. चाचण्या वाढत गेल्या तसतसे त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियमचे प्रमाण वाढत गेलेले दिसले. घरचे बघा म्हणणाऱ्यांना त्यांनी घरातलाच पुरावा दिला.

१ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेतल्या साठेक शहरांत सुमारे ५० हजार स्त्रियांनी एक दिवस चूल आणि नोकरी दोन्ही बाजूला ठेवून मोर्चे काढले. सोव्हिएत संघाने जगातला सर्वांत मोठा बॉम्ब उडवून दोनच दिवस झाले होते. या ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’ संघटनेत कम्युनिस्ट शिरलेत, या संशयावरून १९६२च्या डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीने काही जणींना साक्षीला बोलावले. दालन बायकांनी भरून गेले. कडेवर मुले, हातात फुले. पहिल्या साक्षीदाराचे नाव पुकारल्यावर सगळ्याच उठून उभ्या राहिल्या. मोठमोठ्यांना घाम फोडणारी ती समिती त्या दिवशी हतबल दिसली. पुढच्या ऑगस्टमध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला; भारतानेही त्यावर सही केली.

मे महिना आपल्यालाही अण्वस्त्रांची आठवण देतो. १८ मे १९७४, मग ११ आणि १३ मे १९९८. पोखरणच्या या अणुचाचण्यांनंतर आपल्याकडे पेढे वाटले गेले. पंधरवड्यातच पाकिस्ताननेही चगाईत स्फोट केले. त्या जल्लोषात ज्यांनी नको म्हटले त्यांच्यात अलिबागजवळच्या भायमळ्यात राहणारे एक दांपत्य होते. अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास हे १९९० ते १९९३ या काळात नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर भारत-पाक मैत्रीचे आणि अण्वस्त्रविरोधाचे काम त्यांनी अखेरपर्यंत केले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून तेच काम करणाऱ्या ललिता रामदास या पहिल्या भारतीय नौदलप्रमुखाच्या, अ‍ॅडमिरल कटारींच्या कन्या. एका नौदलप्रमुखाची मुलगी आणि दुसऱ्याची पत्नी. सैन्य म्हणजे काय ते तुम्हाला काय ठाऊक, असे त्यांना तरी कुणी म्हणू शकत नव्हते. तेव्हा लोकांनी दुसरी हत्यारे काढली आणि देशप्रेमावरच शंका घेतली. विषय कळत नाही म्हणून गप्प बसवायचे, आणि कळतो असे सिद्ध झाले की निष्ठा तपासायची, ही जुनी रीत आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मित्रच पसरवतात. स्त्री ही जात्याच शांतताप्रिय, ती जन्म देते म्हणून तिला मरण नकोसे वाटते, असे भाषणांतून वारंवार सांगितले जाते. ऐकायला गोड आहे, पण इतिहासाला धरून नाही. १९१४ साली युद्ध पेटताच ब्रिटनमधल्या मताधिकार चळवळीच्या अग्रणी एमेलिन पँखर्स्ट यांनी आंदोलन थांबवले आणि सैन्यभरतीच्या प्रचाराला वाहून घेतले. त्यांचीच मुलगी सिल्व्हिया युद्धाच्या विरोधात ठाम उभी राहिली. एकाच घरातल्या, एकाच चळवळीत तुरुंग भोगलेल्या मायलेकी, दोन टोकांना. शांततेची बाजू घेणाऱ्या स्त्रियांनी ती विचार करून घेतली, किंमत मोजून घेतली. तिला स्वभाव म्हटले की त्यांच्या बुद्धीचे श्रेय आपण काढून घेतो. आणि स्वभावाला कुणी सल्ला विचारत नाही.

२८ एप्रिल ते १ मे १९१५ या चार दिवसांत हेग शहरात जे घडले त्यातून हे स्वच्छ दिसते. आठवडाभर आधी यीप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने विषारी वायू सोडला होता. अशा वेळी नेदरलँड्सच्या पहिल्या महिला डॉक्टर अलेटा जेकब्स यांच्या पुढाकाराने १२ देशांतल्या अकराशेहून अधिक स्त्रिया एकत्र आल्या, आणि त्यांत एकमेकांशी लढणाऱ्या देशांतल्याही होत्या. यायला निघालेल्या १८० ब्रिटिश स्त्रिया अडकून पडल्या, कारण उत्तर समुद्रातली वाहतूकच बंद झाली. सभेत ब्रिटनच्या तिघीच होत्या. दोघी आधीच पोहोचलेल्या आणि एक अमेरिकेहून आलेल्या बोटीने. जर्मन फौजांच्या ताब्यातल्या बेल्जियममधून पाच जणी आल्या. ज्यांच्या देशाने आपला देश पायदळी तुडवला, त्या देशाच्या बायकांशेजारी त्या बसल्या. युद्धाला जबाबदार कोण, हा वाद इथे काढायचा नाही, असे आधीच ठरले होते. सभेत बसायला दोन अटी मान्य कराव्या लागत: राष्ट्रांमधले तंटे शांततेने सोडवले पाहिजेत, आणि स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला पाहिजे. एक अट मान्य, दुसरी नाही, असे चालत नसे. युद्धाचा निर्णय जिथे होतो तिथे ज्यांना शिरकाव नाही त्या युद्ध थांबवणार कशा? हा सरळ व्यवहार त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता.

सभा संपल्यावर ठराव टपालाने पाठवून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांची शिष्टमंडळे युद्ध चालू असताना राजधानीमागून राजधानी फिरली, पंतप्रधानांना आणि परराष्ट्रमंत्र्यांना भेटली. अध्यक्ष होत्या शिकागोच्या जेन अ‍ॅडम्स. गरीब वस्तीतल्या त्यांच्या सेवाकार्यासाठी अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतले होते. युद्धाविरुद्ध बोलू लागताच त्याच वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपून काढले. सेवा करावी, मत देऊ नये. नोबेल पारितोषिक मिळायला १९३१ साल उजाडले. मधल्या काळात, मे १९१९मध्ये झ्युरिकला याच स्त्रिया पुन्हा भेटल्या, तेव्हा व्हर्सायच्या तहाचा मसुदा नुकताच बाहेर आला होता. या अटींतून सूड आणि पुढचे युद्ध उगवेल, असा ठराव त्यांनी तहावर सह्या होण्याच्याही आधी केला. वीस वर्षांनी काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. ‘विमेन्स इंटरनॅशनल लीग फॉर पीस अँड फ्रीडम’ हे नाव त्याच सभेत घेतलेली ती संघटना आजही जिनिव्हात काम करते आहे.

पण आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर हेगला जायची गरज नाही. कोहिमाला जावे. १९८४ साली तिथे नागा मदर्स असोसिएशन उभी राहिली. सुरुवात दारू आणि अमली पदार्थांच्या विळख्यातून पोरांना सोडवण्यापासून झाली. पण ज्या राज्यात एका बाजूला लष्कर आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांच्या जिवावर उठलेले बंडखोरांचे गट, तिथे पोरे केवळ दारूने मरत नव्हती. १९९४ साली त्यांनी ‘आता आणखी रक्त सांडू नका’ अशी मोहीम हाती घेतली. मागणी सगळ्यांकडेच होती, सरकारकडे आणि प्रत्येक गटाकडे. निदोनुओ अंगामी आणि त्यांच्या सहकारी नेत्यांच्या दारात गेल्या, सैन्याच्या अधिकाऱ्यांना भेटल्या, आणि भूमिगतांशी बोलण्यासाठी डोंगर चढत सीमेपलीकडच्या तळांपर्यंतही गेल्या. ज्या वाटेने जायला सशस्त्र माणूस कचरतो त्या वाटेने या प्रौढ बायका निःशस्त्र गेल्या. १९९७ साली सरकार आणि एनएससीएन (आयएम) हा नागा बंडखोरांचा गट यांच्यात युद्धविराम झाला. अंगामींना पुढे पद्मश्री मिळाली. नागा मातांचे गुणगान सगळ्यांनी केले, आणि ते योग्यच होते.

मग त्याच संघटनेने आणखी एक गोष्ट मागितली. देशभरच्या नगरपालिकांत स्त्रियांना ३३ टक्के जागा राखून ठेवायची तरतूद घटनेत १९९३पासून आहे. ती नागालँडमध्येही लागू करा. बस्स. आणि वारा फिरला. पुरुषांच्या जमाती संघटनांनी सांगितले की हे आमच्या रूढीविरुद्ध आहे, घटनेच्या ३७१-अ कलमाने आमच्या रूढींना संरक्षण आहे. २००६ साली राज्याने आरक्षणाचा कायदा केला, पण निवडणुकाच होईनात. रोझमेरी झुविचू यांच्यासारख्या बायकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१७च्या सुरुवातीला निवडणूक जाहीर झाली तेव्हा राज्य पेटले. दिमापूरमध्ये गोळीबारात दोन तरुण गेले, कोहिमात पालिकेची इमारत जाळली गेली, मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. नळ, गटारे आणि रस्ते यांचा कारभार करणाऱ्या पालिकेत बायका बसणार, यावरून हे सारे झाले. अखेर जून २०२४मध्ये त्या निवडणुका पार पडल्या. विधानसभेत तर राज्य स्थापन झाल्यापासून साठ वर्षांत एकही स्त्री निवडून आली नव्हती. २०२३ साली पहिल्यांदा दोघी आल्या.

बंदुकांच्या मधे उभी राहिलेली आई सगळ्यांना हवी होती. तीच आई नगरसेविका म्हणून नको होती. शांततेच्या कामात बायकांची जी बोळवण होते ती हीच: साडीचोळी देऊन दारातून निरोप, आत बसायला पाट नाही. ऑगस्ट २०१५मध्ये केंद्र सरकार आणि एनएससीएन (आयएम) यांच्यात जो आराखडा करार झाला त्यावर सह्या पुरुषांच्याच आहेत.

याची अगदी अलीकडची आणि जिव्हारी लागणारी आठवण महाराष्ट्रालाही असेल, कारण २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हत्याकांडात डोंबिवली, पनवेल आणि पुण्याची माणसे गेली. त्या दिवशी मारल्या गेलेल्या एका तरुण नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीचे, पतीच्या निष्प्राण देहाशेजारी बसलेले छायाचित्र देशभर फिरले. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. त्या छायाचित्राखाली लोकांनी आपापला संताप लिहिला. काही दिवसांनी, पतीच्या वाढदिवशी भरवलेल्या रक्तदान शिबिरात ती स्वतः बोलली. अपराध्यांना शिक्षा व्हावी, पण मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आहे, एवढेच तिचे म्हणणे. त्यानंतर तिच्यावर समाजमाध्यमांतून जी घाण फेकली गेली ती इथे लिहिण्याजोगी नाही. राष्ट्रीय महिला आयोगाला पुढे येऊन निषेध करावा लागला. तिचे दुःख सगळ्यांना वापरायला हवे होते. तिचे मत ऐकताच तिच्या दुःखावरचा तिचा हक्कसुद्धा काढून घेतला गेला. जिने सगळ्यांत जास्त गमावले तिने शांतता मागितली, यापेक्षा मोठे धैर्य त्या महिन्यात कुणी दाखवले नाही.

या सगळ्यातून वाट काढता येते का? येते, आणि लायबेरिया त्याची साक्ष आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या या लहानशा देशात १४ वर्षांच्या यादवीने सुमारे अडीच लाख जीव घेतले होते. २००३च्या एप्रिलपासून राजधानी मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराशेजारच्या मैदानात पांढरे कपडे घातलेल्या बायका रोज येऊन बसू लागल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान एकत्र, उन्हात आणि मग धो-धो पावसात. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. या बायकांची नेता लेमा बोवी. वाटाघाटींसाठी सगळे सरदार घानाच्या आक्रा शहरात गेले तेव्हा बायकाही मागोमाग गेल्या. हॉटेलांत आरामात राहून बोलणी लांबवणाऱ्या त्या पुरुषांच्या दालनाचे दार त्यांनी जुलैत अडवले. करार होईपर्यंत कुणी बाहेर पडायचे नाही. ऑगस्टमध्ये टेलर देश सोडून गेले आणि करार झाला. तेवढ्यावर त्या घरी गेल्या नाहीत, हे अधिक महत्त्वाचे. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी बंदुका जमा करून घ्यायला सुरुवात केली तेव्हा मन्रोव्हियाबाहेरच्या छावणीत गोंधळ उडाला, गोळ्या सुटल्या, काम थांबवावे लागले. बिथरलेल्या पोरसवदा लढवय्यांची समजूत घालायला याच बायका उतरल्या. पुढे लाखभर लढवय्यांनी हत्यारे ठेवली. २००५ साली त्या देशाने एलन जॉन्सन सर्लीफ यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. आधी मैदान, मग बैठक, मग मतपेटी: लायबेरियाच्या बायकांनी कुठलीच पायरी सोडली नाही.

आणि तिथे भारताचा एक अभिमानाचा दुवा आहे. जानेवारी २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिली सर्व महिलांची पोलीस तुकडी लायबेरियात उतरली, ती भारताची होती. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभराहून अधिक महिला मन्रोव्हियात पहारा देत, रात्रीची गस्त घालत. एकामागून एक तुकड्या २०१६पर्यंत तिथे जात राहिल्या. गणवेशातल्या या बायका पाहून लायबेरियातल्या मुली पोलिसात भरती व्हायला पुढे आल्या, याची दखल संयुक्त राष्ट्रांनीही घेतली. म्हणजे शांतता राखायला स्त्री लागते, हे भारताला कळते. आपण ते जगाला करून दाखवले आहे.

मग ते घरी का होऊ नये? ३१ ऑक्टोबर २००० रोजी सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव एकमताने केला: संघर्ष टाळणे, तो मिटवणे आणि नंतरची घडी बसवणे या प्रत्येक पातळीवर स्त्रियांना निर्णयात स्थान द्यावे. तरीही १९९२ ते २०१९ या काळातल्या जगभरच्या मोठ्या शांतता वाटाघाटींत वाटाघाटी करणाऱ्यांपैकी स्त्रिया सरासरी १३ टक्के होत्या आणि करारांवर सह्या करणाऱ्यांत ६ टक्के. दुसरीकडे, स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या हिशेबाने २०२४ साली जगाने लष्करावर २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले, त्या संस्थेने तोवर मोजलेला सर्वाधिक आकडा. एवढा पैसा कुठे जावा, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती आजही बहुतेक पुरुषच बसतात. हेगच्या बायकांनी दोन अटी एकत्र का बांधल्या होत्या, ते या आकड्यांपाशी थांबले की कळते.

म्हणून आजच्या दिवशी सत्कार, शाली आणि मानपत्रे यांच्याऐवजी एक मागणी करावी. मणिपूरमध्ये, नागालँडमध्ये, छत्तीसगड आणि गडचिरोलीच्या जंगलात, काश्मीरमध्ये, जिथे जिथे सरकार कुणाशी बोलेल तिथे तिथे त्या मातीतल्या स्त्रिया साक्षीदार म्हणून नव्हे तर सभासद म्हणून बैठकीत असाव्यात, आणि हे कुणाच्या मर्जीवर न सोडता लिहून काढावे. १३२५च्या ठरावानुसार असा राष्ट्रीय कृती आराखडा जगातल्या शंभराहून अधिक देशांनी केला आहे. नेपाळने तो २०११ साली केला, बांगलादेशने २०१९ साली. भारताने अजून केलेला नाही. आपल्या खासदाराला पत्र लिहून हे का, असे विचारायला आजचा दिवस चांगला आहे.